चार रिकाम्या डब्या

ओव्हरीच्या गाठीचं ऑपरेशन असलं आणि त्यात कॅन्सरची थोडी जरी शंका असली, की गांगुर्डे सिस्टर सकाळी आल्या आल्या ट्रॉलीवर चार डब्या मांडून ठेवायच्या. पांढऱ्या झाकणाच्या, प्लॅस्टिकच्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर निळ्या बॉलपेनने ठळक अक्षरं: उजवी खाली, डावी खाली, उजवी वर, डावी वर. लॅबचा फॉर्म त्या इंग्रजीत व्यवस्थित भरायच्या, पण या चिठ्ठ्या त्यांच्या स्वतःसाठी होत्या. ‘खाली’ म्हणजे ओटीपोटातल्या लिम्फ नोड्स आणि ‘वर’ म्हणजे पाठीच्या कण्यापुढून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या कडेने असलेल्या.

पेशंटला त्या हेच फार सोप्या शब्दांत सांगायच्या. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, तशाच बारीक गाठी पोटातही असतात. रोग तिथवर पोचलाय का ते बघायला त्या काढून तपासायच्या. एवढंच. मी हेच सांगायला दहा मिनिटं घ्यायचे आणि तरी बाई माझ्याकडे न बघता सिस्टरांकडे बघायची.

डब्या मांडायला त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. दर गुरुवारी आमच्याकडे एक कॅन्सर सर्जन ऑपरेशनला येत. थिएटरमध्ये सगळे त्यांना ‘गुरुवारचे सर’च म्हणत. ते हात चालू असताना पुटपुटल्यासारखं शिकवत राहायचे. गाठ ओव्हरीपुरतीच आहे असं डोळ्यांना दिसलं तरी कॅन्सरच्या पेशी नोड्सपर्यंत गेलेल्या असू शकतात. बोटांनी चाचपून ते कळत नाही, काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. रोग कोणत्या टप्प्यात आहे आणि पुढे केमो द्यायची की नाही, ते त्यावरून ठरतं. हे ते असिस्टंट डॉक्टरांना सांगत. असिस्टंट ऐकून विसरून जात. सिस्टरांनी ऐकलं आणि पुढच्या वेळेपासून डब्या तयार ठेवल्या.

मी नाशिकच्या त्या हॉस्पिटलात लागले तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञ होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. सिस्टर पन्नाशीच्या आसपास असतील. बुटक्या, सावळ्या, चष्म्याच्या काड्यांना मागे दोरी बांधलेली. थिएटरच्या इनचार्ज होत्या, पण त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. काम थांबवायचं असलं तर त्या आवाज वाढवत नसत, हात मागे घेत.

ते मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं. आमचे एक ज्येष्ठ सर्जन पोट शिवायला घेत होते आणि सिस्टरांच्या मोजणीत एक मॉप कमी भरत होता. मॉप म्हणजे रक्त टिपायचा कापडाचा जाड तुकडा. सर्जन म्हणाले, पोटात काही नाही, मी बघितलंय, सुई द्या. सिस्टर म्हणाल्या, देते सर, मॉप मिळाला की. आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. सर्जन चिडले, बरंच बोलले. सिस्टरांनी मान खाली घातली, पण सुई दिली नाही. शेवटी मॉप मिळाला तो सर्जनच्याच चपलेखाली, चिकटून बसलेला. भूलतज्ज्ञांसकट सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी तो चिमट्याने उचलला, मोजला आणि सुई पुढे केली. नंतर हात धुताना मी त्यांना म्हटलं, तुमचंच बरोबर निघालं की. त्या म्हणाल्या, “बरोबर-चूक काय त्यात. मिळाला, झालं.”

भूल देण्याआधी त्या पेशंटचा हात धरत नसत, अंगठा धरत. हात धरला की बाईला वाटतं आपल्याला दाबून ठेवतायत, असं त्यांचं म्हणणं. अंगठा धरून नाव विचारायच्या, गाव विचारायच्या, नवऱ्याचं नाव विचारायच्या, केसपेपरवर सगळं लिहिलेलं असलं तरी. एकदा पेठकडची एक म्हातारी आली होती, ती काही केल्या नवऱ्याचं नाव घेईना. सिस्टर तिला म्हणाल्या, मग त्यांना हाक कशी मारता? म्हातारी म्हणाली, मारतच नाय, तेच येतात. टेबलावर पडल्या पडल्या ती स्वतःच इतकी हसली की भूलतज्ज्ञांना दोन मिनिटं थांबावं लागलं.

त्यांचे वडील देवळाली कॅम्पात लष्कराच्या कोठारात स्टोअरमन होते. ब्लँकेटं, बूट, तंबूच्या खुंट्या, सगळ्याची नोंद ठेवायचे. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून सिस्टर रकाने आखून द्यायच्या. वडिलांचा एक नियम त्यांनी जन्मभर पाळला: रकाना रिकामा ठेवायचा नाही. एखादी गोष्ट नसली तर ‘नाही’ असं लिहायचं. रिकाम्या जागेत नंतर कुणीही काहीही भरतं. आमच्या थिएटरचं रजिस्टर त्यामुळे ‘नाही’ने भरलेलं असायचं. ड्रेनची नळी – नाही. रक्त दिलं – नाही. नातेवाइकांना गाठ दाखवली – नाही. आम्ही तरुण डॉक्टर त्यावरून त्यांची थट्टा करायचो.

त्या दुपारचा डबा हत्यारं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हच्या खोलीत बसून खायच्या, उकळत्या मशीनच्या शेजारी, उकाड्यात. बाकीच्या सिस्टर कपडे बदलायच्या खोलीत घोळका करून जेवत. मी दोन वर्षं हे रोज बघत होते आणि त्या तिथे एकट्या का बसतात हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. किंवा पडला असेल आणि मी तो बाजूला सारला असेल. आज सांगताना दोन्हींतलं काय खरं ते मला ठरवता येत नाही.

आता रेखाताईंबद्दल सांगायला हवं.

रेखाताई चांदवड तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका होत्या. वय बेचाळीस. नवऱ्याचा टेम्पो, कांदा विंचूरच्या मार्केटला न्यायचा. एक मुलगी दहावीत. उजव्या ओव्हरीत गाठ, सोनोग्राफीत बरीचशी पाण्याची, एका कोपऱ्यात थोडा घट्ट भाग. रक्ताची चाचणी किंचित वाढलेली. मी त्यांना म्हटलं, बहुतेक साधीच असेल, ऑपरेशन चालू असताना लॅबकडून तपासून घेऊ. साधीच असणार असं मनात धरून मी खाली आडवा छेद घेतला, सिझेरियनला घेतात तसा, व्रण साडीच्या निऱ्यांखाली झाकला जावा म्हणून. सिस्टरांनी त्या सकाळीही चार डब्या मांडल्या होत्या. त्यांनी छेदाच्या खुणेकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

गाठ काढून लॅबला पाठवली. अर्ध्या तासात फोन आला. कॅन्सर आहे. ओव्हरीबाहेर गेलेला दिसत नाही.

अशा वेळी काय करायचं ते मला माहीत होतं. गर्भाशय, दुसरी ओव्हरी, आतड्यांवरचा चरबीचा पडदा काढायचा, पोट धुऊन ते पाणी तपासायला द्यायचं आणि नोड्स काढायच्या, खालच्या आणि वरच्याही. वरच्या नोड्स पार मूत्रपिंडाच्या शिरेपर्यंत जातात. माझ्या आडव्या छेदातून तिथवर हात पोचणार नव्हता. छेद वर वाढवावा लागला असता आणि मोठ्या रक्तवाहिनीवर काम करावं लागलं असतं. ते मी कधी एकटीने केलेलं नव्हतं.

सिस्टर माझ्या जवळ आल्या आणि मलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, “मॅडम, गुरुवारच्या सरांना फोन लावू का? आज गावातच आहेत.”

तो सोमवार होता. त्याच महिन्यात हॉस्पिटलच्या संचालक मंडळात मला घेण्याचं ठरणार होतं. सरांना बोलावणं म्हणजे छेद चुकला हे सगळ्यांसमोर मान्य करणं. मी नको म्हटलं. जे जमत होतं ते सगळं काढलं. मग हात आत घालून दोन्ही बाजूंनी चाचपलं, वर पोचेल तेवढं, आणि मोठ्याने म्हणाले की काही लागत नाही. सिस्टरांनी विचारलं, मग या डब्या? मी म्हटलं, राहू द्या. फॉर्मवर काय लिहू? मी म्हटलं, मी लिहीन.

संध्याकाळी केबिनमध्ये बसून मी ऑपरेशनची नोंद लिहिली. तिच्यात एक ओळ लिहिली की दोन्ही बाजूंच्या लिम्फ नोड्स तपासणीसाठी घेतल्या. पुस्तकात जसं लिहिलेलं असतं तसं एका पाठोपाठ एक वाक्य येत गेलं आणि तेही आलं. मी ते खोडलं नाही. बस.

पुढे लॅबचा रिपोर्ट आला. रेखाताईंना मी कॅन्सरच्या औषधोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. त्या डॉक्टरबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. माझ्या नोंदीत नोड्स घेतल्या होत्या आणि लॅबच्या रिपोर्टात नोड्स मिळाल्या नाहीत. त्यांनी आमच्या संचालकांना फोन केला आणि संचालकांनी मला बोलावलं. तिथे खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, घेतल्या होत्या, थिएटरमधून पुढे कुठे गेल्या ते सिस्टरांना विचारावं लागेल.

सिस्टरांना केबिनमध्ये उभं केलं. मी खुर्चीत होते. संचालकांनी विचारल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की डब्या रिकाम्याच होत्या, त्यांवरच्या पट्ट्या काढून, पुसून त्यांनी त्या परत कपाटात ठेवल्या. रजिस्टर सोबत आणलं होतं. ते उघडून त्यांनी टेबलावर ठेवलं. त्या तारखेसमोर लिहिलं होतं: नोड्स – नाही. हाताने बघितल्या.

संचालक म्हणाले, रजिस्टरमध्ये नंतरही लिहिता येतं.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. “मॅडम, तुम्ही सांगा.”

त्यांच्या स्वरात आर्जव नव्हतं, धमकीही नव्हती. पेशंटला नाव विचारायच्या तसं त्यांनी ते विचारलं. त्यांना बहुधा खरंच वाटत होतं की मी सांगेन.

मी म्हणाले, “मला आठवतंय त्याप्रमाणे दिल्या होत्या.”

त्यांनी रजिस्टर मिटून घेतलं आणि गेल्या. दार बंद झाल्यावर दुसरे एक संचालक म्हणाले, या लोकांना जागा मिळतात, जबाबदारी कुठून यायची. कोणते लोक हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं. आमच्या थिएटरमध्ये चौदा एप्रिलला रजा मागणारी एकच सिस्टर होती. मी समोरच्या कपातला चहा पीत राहिले. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या असतील, पण त्या कपाची आठवण आली की अजून मान वर होत नाही.

सिस्टरांना मेमो मिळाला. थिएटरमधून काढून ओपीडीच्या इंजेक्शनच्या खोलीत बसवलं. मेमोवर पोच म्हणून सही करायची असते. त्यांनी ‘मान्य नाही’ असं लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. ऑफिसमधल्या लोकांना ते उद्धटपणाचं वाटलं. त्या आठवड्यात मी संचालक झाले.

चार-पाच दिवसांनी ओपीडी संपल्यावर सिस्टर माझ्या केबिनमध्ये आल्या आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, आता भांडतील. मी मनात उत्तरं जुळवायला लागले होते. त्या बसल्या नाहीत.

“माझं सोडा मॅडम,” त्या म्हणाल्या. “त्या बाईच्या गाठी हरवलेल्या नाहीत. तिच्या पोटात आहेत. हरवल्या म्हटलं की कुणी बघायलाच जाणार नाही.”

हे माझ्या लक्षात आलेलं नव्हतं असं म्हणायला मला आवडलं असतं. आलेलं होतं. नोड्स काढल्याच नाहीत हे कळलं असतं तर त्या पुन्हा काढून तपासता आल्या असत्या. काढून हरवल्या म्हटल्यावर शोधायला काही उरतच नव्हतं. औषधाच्या डॉक्टरांनी माझ्या ‘हाताला काही लागलं नाही’ या शब्दावर भरवसा ठेवून रेखाताईंना केमोशिवाय नुसतं तपासणीवर ठेवायचं असं जवळजवळ ठरवलं होतं. माझ्या एका खोट्या ओळीने त्या बाईच्या पोटाकडे जायचा रस्ता बंद केला होता.

मी सिस्टरांना म्हटलं, बघते.

त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि गेल्या. आठ दिवस गेले. मी काही बघितलं नाही. रोज सकाळी ठरवायचे, आज फोन करू. रोज काही ना काही निघायचं आणि ते निघालं की मला सुटल्यासारखं वाटायचं.

पुढचं मला बऱ्याच नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. त्या रविवारी सिस्टर एकट्याच एसटीने चांदवडला गेल्या, तिथून जीपने गावात. केसपेपरवरचा पत्ता त्यांना पाठ असणार. रेखाताई ओट्यावर बसून अंगणवाडीची वजनाची नोंदवही भरत होत्या, टाके अजून ओढत होते. सिस्टरांनी त्यांना अवधाणाच्या गाठींचं पुन्हा एकदा सांगितलं आणि मग सांगितलं की तुमच्या त्या गाठी काढलेल्या नाहीत, आतच आहेत, त्या बघायला हव्यात. गुरुवारच्या सरांचा पत्ता एका कागदावर लिहून दिला. नवरा तापला होता. एकदा पोट फाडलं, आता परत फाडायचं, हे काय खेळणं हाय का, असं म्हणाला. सिस्टर सगळं ऐकून घेत दोन तास तिथे बसल्या. निघताना रेखाताईंनी जाते म्हणून कबूल केलं.

दुसरं ऑपरेशन दुसऱ्या हॉस्पिटलात झालं. गुरुवारच्या सरांनी छातीखालपासून सरळ छेद घेऊन सगळ्या नोड्स काढल्या. खालच्या सगळ्या स्वच्छ निघाल्या. वरच्यांपैकी दोन नोड्समध्ये कॅन्सर होता. पहिल्या टप्प्याचा समजलेला रोग तिसऱ्या टप्प्याचा निघाला. केमो सुरू झाली. ती झाली नसती तर काय झालं असतं हे सांगायला डॉक्टर असायची गरज नाही.

सरांचा मला फोन आला. त्यांनी चौकशी केली नाही, ओरडले नाहीत. म्हणाले, “डॉक्टर, तिथे कुणाचाही हात लागलेला नव्हता. एकही नोड काढलेली नव्हती.” आणि फोन ठेवला. त्या गुरुवारपासून ते आमच्याकडे आले नाहीत.

तेव्हा मी संचालकांना लेखी दिलं. धाडसाने नाही, आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणून. त्यांनी ते पत्र वाचलं, घडी घालून खणात ठेवलं आणि म्हणाले, बाई बरी होतेय ना, मग आता वाढवू नका. सिस्टरांना थिएटरमध्ये परत बोलावण्यात आलं. मेमो मागे घेतला असं तोंडी सांगितलं. त्यांनी लेखी मागितलं. ते मिळालं नाही, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि देवळाली कॅम्पातल्या एका लहानशा प्रसूतिगृहात नोकरी धरली. निरोप समारंभ झाला नाही. त्या गेल्याचं मला दोन दिवसांनी कळलं, ट्रॉलीवर सामान उलटंपालटं मांडलेलं दिसलं म्हणून विचारलं तेव्हा.

माझ्या बाबतीत काहीच झालं नाही. लिहायला हे सगळ्यात अवघड आहे.

वर्षभराने रेखाताई मला भेटायला आल्या. डोक्यावर नवे, बारीक कुरळे केस आले होते. सोबत मुलगी होती आणि पिशवीभर शेवग्याच्या शेंगा. मी उभीच राहिले. मला वाटलं, जाब विचारायला आल्या. त्या वाकून माझ्या पाया पडायला लागल्या.

“मॅडम, तुमी त्या सिस्टरला आमच्या घरी पाठवलं नसतं तर मी आज नसते. त्या म्हनल्या, मॅडमनी मुद्दाम पाठवलंय. लय उपकार झाले.”

मी त्यांना उठवलं. शेंगा घेतल्या. मुलीला अकरावीचं विचारलं. त्या गेल्या. मी त्यांना काहीही सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात मी सिस्टरांच्या घरी गेले. नाशिक रोडच्या एका कॉलनीत दोन खोल्या, बाहेर गोकर्णाचा वेल, आत भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, एका खुर्चीवर इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म. त्यांचे मिस्टर महापालिकेच्या शाळेत शिक्षक होते. ते मला बसायला सांगून आतल्या खोलीत गेले. सिस्टरांनी चहा केला. मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. रडले हे आठवतं, आणि त्या समोर बसून ते संपायची वाट बघत होत्या हे आठवतं. मी माफी मागितली. मग विचारलं, माझं नाव का सांगितलंत तिला?

“मी तिथे जाऊन म्हटलं असतं की मला थिएटरमधून काढलंय आणि डॉक्टर खोटं बोलतायत,” त्या म्हणाल्या, “तर ती परत पोट उघडायला तयार झाली असती? डॉक्टरनी पाठवलंय म्हटल्यावर झाली. ते मी तिच्यासाठी म्हटलं. तुमच्यासाठी नाही.”

मी मान हलवली. त्यांनी कप उचलले आणि उभ्या उभ्याच विचारलं, “तिला सांगितलंत?”

मी नाही म्हटलं.

“मग माझ्याकडे आधी कशाला आलात?”

आवाज तसाच, न चढलेला. त्या कप घेऊन आत गेल्या आणि नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मी उठून निघून आले.

चांदवडला जायला मला त्यानंतरही सहा महिने लागले. अंगणवाडी सुटायच्या वेळी पोचले. मुलं वाट्या धूत होती. रेखाताईंनी मला खुर्ची दिली, स्वतः खाली चटईवर बसल्या. मी उठून चटईवर बसले आणि सगळं सांगितलं. छेदाचं, फोनचं, त्या ओळीचं, केबिनमधल्या त्या दिवसाचं, आणि सिस्टरांना मी पाठवलं नव्हतं हे. त्या ऐकत होत्या. मध्ये एकदा एका मुलीची वाटी पडली, ती त्यांनी उचलून दिली. मी थांबल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “मंग मी शेंगा घेऊन आले व्हते, तवा का नाय सांगितलं?”

त्या उठल्या, वाट्या गोळा केल्या, खोलीला कुलूप लावलं आणि घराच्या दिशेने गेल्या. मला या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. पुढे तपासणीचे रिपोर्ट दाखवायला त्या माझ्याकडे कधी आल्या नाहीत. त्या चांगल्या आहेत, मुलगी नाशिकला कॉलेजात आहे, हे मला दुसऱ्यांकडून कळतं.

मी आता ओव्हरीच्या कॅन्सरची ऑपरेशनं करत नाही. शंका असली की पेशंट कॅन्सर सर्जनकडे पाठवते. लोकांना हा माझा मोठेपणा वाटतो.

गांगुर्डे सिस्टरांना मी शेवटचं पाहिलं ते मागच्या हिवाळ्यात. एका ओळखीच्या कुटुंबाकडे बारशाला देवळाली कॅम्पात गेले होते. परतताना बाजारातून गाडी हळूहळू जात होती आणि बसथांब्याच्या बाकावर त्या बसलेल्या दिसल्या. केस बरेच पांढरे झाले होते. अंगावर स्वेटर, पायांत कॅनव्हासचे बूट, शेजारी भाजीची पिशवी. ड्रायव्हरला थांबायला सांगून मी उतरले आणि रस्त्याच्या अलीकडेच घुटमळले. पलटणीचे दोन ट्रक गेले. ते गेल्यावर त्यांनी मला पाहिलं. चष्मा नीट करून पुन्हा पाहिलं. मग बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

मी जाऊन त्या जागेवर बसले. तब्येतीचं विचारलं. गुडघे दुखतात म्हणाल्या, रिटायर झाले तरी आठवड्यातून तीन दिवस जाते, नव्या मुलींना शिकवायला. मग रस्त्याकडे बघतच त्यांनी विचारलं, “सांगितलं का?”

मी म्हटलं, हो. आणि रेखाताई जे म्हणाल्या तेही सांगितलं.

समोर एक बाई हातगाडीवरची बोरं निवडून घेत होती, तिच्याकडे त्या बघत होत्या. “बरोबर विचारलं तिने,” असं म्हणाल्या. मला वाटलं होतं, सांगितलं म्हटल्यावर मला थोडं हलकं वाटेल. निदान त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसेल. तसं काही झालं नाही. पण त्यांनी मला जा असंही म्हटलं नाही.

नाशिक रोडची बस आली, माणसांनी भरलेली. त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकून पायरी चढल्या. मी पिशवी वर दिली. ती घेताना त्यांनी क्षणभर माझा अंगठा धरला. मग कंडक्टरने घंटी दिली आणि त्या गर्दीतून आत सरकल्या.